पापणीवरची गाठ पाहताना

हे मनन सावकाश वाचायचं आहे. ज्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी वाचताय तो शक्य असेल तर जवळ असू द्या. सोलापूरकडच्या मैंदर्गीत तो बहुधा ओट्यावर पडलेला असेल, नाहीतर गोठ्याच्या सावलीला. त्याचं वय कुणी लिहून ठेवलेलं नसतं. थोरलीच्या लग्नाच्या वर्षी आणला, किंवा कोरोनाच्या आधी पाच-सहा वर्षं, असा घरचा हिशेब असतो. तोंडावरचे केस पांढरे झालेत. उठताना मागचे पाय आधी जमीन चाचपतात. आणि अलीकडे एका पापणीच्या काठावर काहीतरी आलंय. आधी ज्वारीच्या दाण्याएवढं होतं, आता तुरीच्या दाण्याएवढं असेल.

त्या दाण्याकडे आपण पाहणार आहोत. निर्णय लगेच घ्यायचा नाही. मनात आत्ताच एखादा निर्णय तयार असेल, ‘काढून टाकू’ किंवा ‘राहू दे’, तर तो थोडा वेळ बाजूला ठेवा. तो कुठं जात नाही.

सकाळचा उजेड चांगला. ऊन त्याच्या डोळ्यांत येणार नाही असं बसा. हनुवटीखाली एक हात धरा, दुसऱ्या हाताचा अंगठा भुवईपाशी ठेवा आणि वरची पापणी हलकेच वर घ्या. डोळ्यावर दाब नको. त्यानं मान वळवली तर सोडून द्या, थांबा, पुन्हा घ्या.

पहिला प्रश्न साधा आहे. ही गाठ आहे की गोचीड? हसू नका. पापणीच्या काठाला चिकटलेली, रक्त पिऊन टम्म झालेली गोचीड गाठीसारखीच दिसते, आणि गाठ समजून दवाखान्यात आणलेली अशी गोचीड जनावरांच्या डॉक्टरांनी पाहिलेली असते. बुडाशी बारीक पाय दिसतात का ते पाहा. आता डोळ्याचा कोपरा पाहा. खळ्यावरचं कूस, गवताचं कुसळ आत अडकलं तरी डोळा असाच लाल होतो आणि गळतो. हे काहीच नसेल, आणि दाणा पापणीच्या काठातूनच उगवलेला दिसत असेल, तर पुढे जाऊ.

तो किती मोठा आहे, गुलाबी आहे की काळा, गुळगुळीत की खडबडीत, एवढं मनात नोंदवा. मग पापणी किंचित बाहेर वळवा. आतल्या ओल्या, गुलाबी बाजूला पिवळट किंवा करडा फुगवटा दिसतो का? पुष्कळदा काठावर दिसतो तो नुसता शेंडा असतो आणि खरं मूळ पापणीच्या आतल्या अंगाला असतं. बाहेरून तुरीएवढी दिसणारी गाठ आत हरभऱ्याएवढी असू शकते. इथं थोडं थांबा. इतके दिवस आपण जे पाहत होतो तो तिचा थोडाच भाग होता, हे एकदा मनात उतरू द्या.

*

आता गाठ विसरा आणि नुसती पापणी पाहा.

ती मिटते, उघडते. तिच्या जाडीत, काठाला काटकोनात, एका ओळीत बारीक ग्रंथी बसलेल्या असतात. कुत्र्याच्या प्रत्येक पापणीत त्या साधारण वीस ते चाळीस असतात. जर्मन वैद्य हाइनरिश मायबोम यानं 1666 साली त्यांचं नीट वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. त्या तुमच्या पापणीतही आहेत. त्यांचं काम तेल देण्याचं. अश्रूंचा जो पातळ पडदा डोळ्यावर असतो, त्यात बुबुळाला चिकटून बुळबुळीत थर, मधे पाण्याचा थर आणि वर या तेलाचा थर. तेल आहे म्हणून पाणी लगेच उडून जात नाही. चैत्र-वैशाखात सोलापूरकडचा पारा चाळिशीच्या वर जातो, वारा काळ्या रानाची धूळ उडवत येतो, तरी तुमचा डोळा ओला राहतो तो या तेलामुळं.

डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे बुबुळाला, रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर आरपार दिसलंच नसतं. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून थोडीशीच जास्त, आणि त्याला लागणारा प्राणवायू बराचसा हवेतून, या अश्रूंच्या पडद्यातून येतो. म्हणजे प्रत्येक वेळी पापणी मिटते तेव्हा ती डोळ्यावर ओल नव्यानं पसरवते. जमीन सारवताना तळहात फिरतो तशी ती फिरते. आता तळहाताखाली एक खडा आला असं समजा. प्रत्येक फेऱ्याला तीच रेघ उमटेल.

एकदा स्वतःची पापणी सावकाश मिटा. उघडा. मिटण्यात काहीच जाणवलं नाही ना? न जाणवणं हेच तिचं निरोगीपण. आता त्याच्याकडे पाहा. तो पुष्कळदा डोळा मिटून घेतो का? पुढच्या पायानं डोळा चोळतो का? सकाळी कोपऱ्यात चिकट पू साठतो का? डोळ्याखालचे केस कायम ओले राहून तांबूस झालेत का? त्याला तक्रार सांगता येत नाही. पण तक्रार त्याच्या दिवसभराच्या वागण्यात पसरलेली असते, आणि ती वाचणारे तुम्हीच आहात.

*

आता भीतीकडे वळू.

गाठ म्हटलं की एकच शब्द डोक्यात येतो. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला तो जनावरांतही ऐकून माहीत आहे. बैलाच्या शिंगाचा कॅन्सर. शिंग एका बाजूला झुकतं, हलतं, नाकातून रक्त येतं, आणि कमावता बैल हातचा जातो. तेच चित्र मनात असलं, तर कुत्र्याच्या पापणीवरचा दाणा दिसताच पोटात गोळा येणार. भीती येऊ द्या. तिला हाकलू नका. फक्त तिच्या शेजारी माहिती बसवा.

म्हाताऱ्या कुत्र्यांच्या पापणीवर येणाऱ्या गाठींतली सगळ्यात नेहमीची गाठ याच तेलाच्या ग्रंथीतून उगवते, आणि ती साधी असते. ती तिथंच वाढते. शरीरात पसरत नाही. 1986 साली अमेरिकी पशुवैद्यांनी अशा 200 कुत्र्यांच्या नोंदी तपासून प्रसिद्ध केल्या. त्यातही साध्या गाठींचंच पारडं फार जड होतं. चामखिळीसारख्या गाठी आणि काळ्या रंगद्रव्याच्या गाठीही येतात. वाईट जातीच्या थोड्या असतात. त्याही कुत्र्याच्या पापणीवर असताना आजूबाजूला खणत गेल्या तरी दूरच्या अवयवांत क्वचित जातात. मांजराचं मात्र उलटं आहे. मांजराच्या पापणीवरची गाठ पुष्कळदा वाईट निघते, तिथं थांबायचं नसतं. कुत्र्याच्या बाबतीत शेजाऱ्यानं त्याच्या मांजराची गोष्ट सांगितली तर ती ऐका आणि बाजूला ठेवा.

आणखी एक गाठ आपल्याकडच्या मोकाट फिरणाऱ्या कुत्र्यांत आढळते. समागमातून, चाटण्या-हुंगण्यातून ती एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाते. बहुतेकदा जननेंद्रियावर, कधी नाकात, कधी डोळ्यापाशी. तिला सुरीपेक्षा व्हिन्क्रिस्टीन नावाच्या औषधाची आठवड्याला एक अशी इंजेक्शनं जास्त लागू पडतात. म्हणून नुसतं पाहून ‘ही अमुकच’ असं कुणी खात्रीनं सांगू नये, आणि आपणही ते मागू नये. काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवून प्रयोगशाळेत जातो, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो, तेव्हा नाव पक्कं होतं. तोवर ‘माहीत नाही’ या जागेवर बसता येतं का, पाहा. ती जागा अवघड आहे. पण भीतीनं घाईघाईत दिलेल्या नावापेक्षा ती बरी.

एक श्वास. पुढे जाऊ.

*

भीतीच्या मागोमाग येते ती न बघवण्याची अस्वस्थता. घरी कुणी आलं की नजर आधी तिथंच जाते. ‘ते काढून टाका की, बरं दिसत नाही.’ मग कुणी सांगतं, घोड्याच्या केसानं करकचून बांधा, आपोआप गळेल. कुणी रुईचा चीक लावायला सांगतं. कुणी चुना.

इथं मन एकदम ठाम ठेवा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर समोरचा पारदर्शक पडदा सुजतो, धुरकटतो. माणसांच्या डोळ्यांवरही हा प्रसंग ओढवतो. चुना डोळा जाळतो. बांधलेली गाठ वरून गळली तरी मूळ पापणीच्या आत तसंच राहतं, हे आपण आत्ताच पाहिलं. घरातले माणसांचे डोळ्यांचे थेंबही नकोत. त्यांत स्टिरॉइड असेल आणि बुबुळावर आधीच जखम असेल, तर ती जखम खोल जाऊन डोळा फुटू शकतो. दुखत असेल म्हणून माणसांची वेदनाशामक गोळी भाकरीत घालून देणं तर त्याच्या मूत्रपिंडाला आणि पोटाला महागात पडतं.

ही सगळी सांगणारी माणसं वाईट नसतात. त्यांनाही ते बघवत नसतं. पण ती अस्वस्थता बघणाऱ्याची आहे. गाठ किती वाईट दिसते याचा कुत्र्याला पत्ताच नाही. त्यानं ती आरशात पाहिलेली नाही. स्वतःला विचारा, मला तिचा त्रास होतोय तो किती, आणि त्याला होतोय तो किती? दोन्ही वेगळे मांडून ठेवा.

*

आता दया आणि हिशेब. हे दोघं बहुतेक एकत्रच येतात.

‘म्हातारं झालंय आता, कशाला कापाकापी? राहिलेत किती दिवस?’ वाक्य मायेनं उच्चारलेलं असतं. त्यात खर्चही असतो, सोलापूरची खेप असते, रानातली कामं असतात. त्यातलं काहीच खोटं नाही. पण वाक्य उलटं करून पाहा. दिवस थोडे राहिले असतील, तर त्यातला प्रत्येक दिवस डोळ्यात टोचणी घेऊन काढायचा का?

आणि भूल? म्हाताऱ्याला भूल सोसेल का, हा प्रश्न रास्त आहे. वय हा आजार नव्हे, पण वयासोबत आजार येतात. म्हणून भूल देण्याआधी हृदय ऐकलं जातं आणि रक्त तपासून यकृत व मूत्रपिंड किती चालतात ते पाहिलं जातं. हे ठीक असेल तर चांगल्या हातांत म्हातारा कुत्राही भूल सोसतो. ठीक नसेल तर गाठ लहान असताना गुंगीचं औषध आणि जागा बधिर करणारं इंजेक्शन देऊनही काही वेळा काम होतं. डॉक्टरांना हे सगळं विचारायचं असतं. विचारलेलं त्यांना आवडतं.

थांबणंही कधी कधी योग्य असतं. गाठ लहान आहे, वाढत नाही, बुबुळाला लागत नाही, डोळा स्वच्छ आहे, आणि कुत्र्याला हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा मोठा आजार आहे, तर नुसतं लक्ष ठेवणं हा शहाणपणाचा उपचार आहे. मात्र लक्ष ठेवणं म्हणजे दुर्लक्ष करणं नव्हे. आपल्या सीमाभागात ज्येष्ठ पौर्णिमेला कारहुणवी असते. बैलांना धुऊन, रंगवून, गोंडे बांधून सजवतात. कुत्र्यासाठी असा दिवस नाही. तुम्ही दर पौर्णिमेचा धरा. शेजारी मोजपट्टी धरून मोबाइलमध्ये एक फोटो काढा. दोन पौर्णिमांत गाठ वाढली, रक्त आलं, रंग बदलला, डोळा गळायला लागला, तर थांबण्याचं कारण संपलं.

एक आकडा लक्षात असू द्या. मध्यम आकाराच्या कुत्र्याची पापणी सव्वातीन सेंटीमीटरच्या आसपास लांब असते. तिचा पाव ते एक तृतीयांश भाग काढला तरी उरलेले काठ सरळ जोडता येतात. म्हणजे सुमारे एक सेंटीमीटरपर्यंत काम सोपं आहे. त्यापुढं आजूबाजूची कातडी सरकवून नवी पापणी घडवावी लागते. ते मोठं काम, मोठी भूल आणि मोठा खर्च. ‘राहू दे’ म्हणत काढलेल्या महिन्यांची किंमत इथं कळते.

*

आता मनानंच शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी जा. तिथं तुम्हाला उभं राहू देणार नाहीत, म्हणून आत्ता जाऊन या.

रात्रीपासून त्याला खायला दिलेलं नाही. पुढच्या पायावरचे केस काढून सुई लावली आहे. तो झोपला. डोळ्याभोवतीचे केस हळूच कापले, जागा पातळ जंतुनाशकानं धुतली. बुबुळावर जखम आहे का ते हिरव्या चमकणाऱ्या रंगाचा थेंब टाकून आधीच पाहिलेलं आहे. आता पापणीतून एक छोटा तुकडा निघतो. त्रिकोणी, किंवा खाली भिंती आणि वर छप्पर अशा पाच बाजूंचा. गाठ मुळासकट त्यात येते. मग दोन थरांत टाके, आत विरघळणारे, बाहेर केसासारख्या बारीक दोऱ्याचे. सगळ्यात महत्त्वाचा टाका काठावरचा. तिथं दोन्ही कडा तंतोतंत एका पातळीत यायला हव्यात आणि दोऱ्याचं टोक बुबुळाकडे वळता कामा नये. नाहीतर गाठीच्या जागी दोराच टोचत बसेल. म्हणून डॉक्टर तो एक टाका घालायला वेळ घेतात. त्यांना तो घेऊ द्या.

दुसरा मार्ग गोठवण्याचा. वरची गाठ खरवडून तिच्या मुळाला अतिथंड द्रव्यानं दोनदा गोठवतात आणि वितळू देतात. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या टाकीत ठेवतात, त्यातला द्रव नायट्रोजन गोठ्यातल्या माणसानं पाहिलेला असतो. त्याचं तापमान उणे 196 अंश सेल्सिअस. तोच इथं वापरता येतो, पण त्यासाठी वेगळं उपकरण आणि सरावाचा हात लागतो. भूल कमी लागते हा फायदा. पापणी काही दिवस चांगलीच सुजते, तिथला रंग उडून ती फिकट होऊ शकते, आणि गाठ परत येण्याची शक्यता दोन्ही मार्गांत थोडी राहतेच.

हे कुठं होईल? आधी गावच्या किंवा अक्कलकोटच्या जनावरांच्या दवाखान्यात दाखवा. फिरत्या पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे. सोलापूर पन्नासेक किलोमीटर, तिथं कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर मिळतात. अवघड काम असेल तर पशुवैद्यक महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. शिरवळ, उदगीर, परभणी आणि 1886 साली सुरू झालेलं मुंबईचं महाविद्यालय. सीमेपलीकडे बीदरलाही आहे. निघण्याआधी फोन करून डोळ्याचं काम करणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारा. म्हाताऱ्या जिवाची फुकट खेप नको.

घरी आल्यावर दहा ते चौदा दिवस त्याच्या गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं राहील. तो दाराला धडकेल, ताटलीपर्यंत तोंड नेताना खट्टू होईल, तुमच्याकडे बघत उभा राहील. ते काढायचा मोह होईल. एका रात्रीच्या खाजवण्यात टाके उसवतात. जेवताना तुम्ही समोर बसलात आणि ताटली जरा उंच धरलीत, की पुरतं.

*

अक्कलकोटहून मैंदर्गी-दुधनीवरून गाणगापूरला जाणाऱ्या गाड्या गावातून जातात. कित्येकांच्या काचेवर दत्ताचं चित्र असतं आणि पायांशी चार कुत्री. ते चार वेद आहेत असं मानतात. गाडी गेली की रस्त्याकडेचं खरं कुत्रं धुळीत डोळे मिटून घेतं. चित्रातल्या कुत्र्यांचे डोळे तपासायची गरज नसते. दारातल्याचे तपासता येतात.

पुन्हा त्याच्याकडे पाहा. वयामुळं बाहुलीच्या आत निळसर झाक दिसत असेल. ती बहुधा भिंगाच्या म्हातारपणाची. तिला मोतीबिंदू समजून घाबरू नका. डॉक्टरांना दोन्हींतला फरक लगेच कळतो. जबड्याखाली दोन्ही बाजूंना हात फिरवा, गाठी लागतात का बघा. दुसरी पापणी पाहा. एका पापणीवर आलं ते दुसरीवरही येऊ शकतं. पाहण्याचा हा सराव ऑपरेशननंतरही संपत नाही.

आता तो बाजूला ठेवलेला निर्णय उचला. काढायचं की थांबायचं, जे काही ठरत असेल त्याचं कारण एका वाक्यात मोठ्यानं म्हणा. ‘मला बघवत नाही.’ ‘मला भीती वाटते.’ ‘आम्हाला आता हा खर्च झेपत नाही.’ ही वाक्यं खरी असतात, पण त्यांच्यात आपणच आहोत. खर्चाचं वाक्य असेल तर ते डॉक्टरांसमोर तसंच म्हणा, लाजू नका. त्यातूनही सोपा मार्ग निघतो. मग असं वाक्य शोधा ज्यात तो आहे. ‘त्याच्या बुबुळाला ती घासते, तो दिवसभर डोळा मिटून असतो.’ किंवा, ‘त्याचं हृदय थकलंय, गाठ त्याला लागत नाही, तो खातो, फिरतो, उन्हाला झोपतो.’ पहिलं खरं असेल तर या आठवड्यातच दवाखान्यात जायचं. दुसरं खरं असेल तर पुढच्या पौर्णिमेला मोजपट्टी काढायची. यातलं कोणतंच वाक्य खात्रीनं म्हणता येत नसेल, तर उद्या सकाळच्या उजेडात पुन्हा त्याच्यापाशी बसा, कारण अजून पुरेसं पाहून झालेलं नाही.